चौऱ्याण्णव टक्के नक्कल

चारुता पुराणिकनं अठरा वर्षांत कंपनीची एक टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. त्याच कंपनीनं मंगळवारी संध्याकाळी तिला चोर ठरवलं, आणि तेसुद्धा मोबाइलवर दोन ओळींचा निरोप धाडून. ती झाशीच्या सदर बाजारात चपलेचा अंगठा शिवून घेत एका पायावर उभी होती. निरोप हिंदीत होता. लेखी परीक्षेतली आपली उत्तरं कंपनीच्या एआय टूलशी चौऱ्याण्णव टक्के जुळतात, सबब नक्कल केल्याच्या कारणावरून आपली उमेदवारी रद्द करण्यात येत आहे. आक्षेप असल्यास शनिवारी अकरा वाजता हजर राहावं. खाली ना सही, ना नाव. शिव्या द्यायच्या तर कुणाच्या नावानं द्यायच्या, तेही कळायची सोय ठेवली नव्हती.

तिनं निरोप तीनदा वाचला. मोची म्हणाला, दीदी, हो गई, तरी ती तशीच उभी. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि एक चप्पल पायात नि एक हातात अशी ती ऑटोत जाऊन बसली. नगरा मोहल्ल्यात घरासमोर उतरेपर्यंत तिला हातातल्या चपलेची शुद्ध नव्हती.

आता ही नोकरी म्हणजे काय होती, ते आधी सांगायला हवं. नाहीतर माणसं सहज म्हणतात, एवढं काय त्यात, दुसरी बघावी. झाशीबाहेर बिजौलीच्या बाजूला ही कंपनी. जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करते. उन्हाळा चढला की आसपासच्या पाच-सात जिल्ह्यांतून ती काळवंडलेली धुडं ट्रकनं येऊन पडतात. त्यांचं झाकण उघडायचं, आत काय झालंय ते बघायचं, का जळलं, काय वाचेल, काय भंगारात जाईल ते ठरवायचं, हे चारुताचं काम. अठरा वर्षं ती हेच करत आली, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. आजारपणाची रजा नाही, कशावर सही करायचा अधिकार नाही, कँटीनचं कुपनसुद्धा वेगळ्या रंगाचं. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा एक कायमची जागा निघाली, परीक्षण अधिकाऱ्याची. एकच जागा. वयाची अट पंचेचाळीस. चारुताला मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि हा जानेवारी चालू होता. आत्ता नाही तर कधीच नाही, इतका सरळ मामला होता.

जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एआय कौशल्यं अनिवार्य. हल्ली ज्याला त्याला हेच हवं असतं. शाळेत शिपाई ठेवायचा तरी विचारतील, एआय येतं का. चारुता त्याला घाबरली नाही. तिची मुलगी तन्वी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तिनं आईला तीन महिने रोज धडे दिले. तन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. आई, ये बहुत मीठा बोलता है, इसकी बातों में मत आना, पूछो और फिर जाँचो, हे तिचं पालुपद. नवरा मकरंद टपाल खात्यात कारकून. त्यानं ते तीन महिने रात्रीची भांडी घासली आणि कुठे बोलून दाखवलं नाही. प्रश्न नेमका कसा विचारायचा, यंत्रानं गुळमुळीत उत्तर दिलं की त्याला कसं खोदायचं, हे चारुता शिकली. जाहिरातीतली शेवटची अट तिला फार आवडली होती. ‘यंत्राने दिलेले उत्तर स्वतःच्या ज्ञानाने तपासून पाहण्याची क्षमता.’ तिनं त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली होती. म्हणाली, हे तर मी रोजच करते, फक्त यंत्राच्या ऐवजी माणसं असतात.

परीक्षा दोन भागांत झाली. पहिल्या भागात कसलीही मदत नाही, फक्त डोक्यातलं उतरवायचं. मोबाइल फाटकावर जमा. चारुताच्या मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ, त्यात कुठलं आलंय इंटरनेट! दुसऱ्या भागात कंपनीच्या टूलला प्रश्न विचारून त्याचं उत्तर तपासायचं. टूलची पाच उत्तरं होती, त्यातली दोन चुकीची निघाली. एका ठिकाणी त्यानं ठोकून दिलं होतं की भार जास्त झाला म्हणून आतली तारेची वाइंडिंग जळली. चारुतानं लिहिलं, ट्रान्सफॉर्मरच्या श्वासनळीतले ओल शोषणारे निळे खडे गुलाबी झालेत ते आधी बघायला हवं होतं, आत पाणी गेलंय, भाराचा दोष नाही. ती बाहेर आली ती हसत. तन्वीसाठी गरम समोसे घेऊन घरी गेली.

आणि आता हे चौऱ्याण्णव टक्के.

खरी गोष्ट अशी होती की चारुतानं यंत्राची नक्कल केलेली नव्हती. यंत्रानं चारुताची केली होती.

त्या टूलचं नाव कंपनीनं ‘गुरुजी’ ठेवलं होतं. गुरुजींच्या पोटात जे ज्ञान होतं ते कुठून आलं? परीक्षण विभागाच्या जुन्या रजिस्टरांतून. त्या रजिस्टरात शेवटचा रकाना ‘कारण’. इतर ठिकाणी त्या रकान्यात लोक दोन शब्द खरडतात, जला हुआ, आणि मोकळे होतात. या रजिस्टरात मात्र एकेका ट्रान्सफॉर्मरची सहा-सहा ओळींची हकिगत असायची. तेलाचा रंग, वास, कुठला पेच सैल, कुठल्या गावचा, तिथे वीज कशी येते-जाते, सगळं. अशा तीन हजारांवर नोंदी. गेल्या साली नोएडाहून चार पोरं आली, त्यांनी सगळी रजिस्टरं टाइप करवून घेतली, यंत्राला पाजली, आणि कागद रद्दीत घातले. प्रत्येक पानाखाली सही होती रामकृष्ण पटेरिया यांची, तेव्हाचे सुपरवायझर. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे स्रोत म्हणून त्यांचंच नाव चढलं.

त्या तीन हजार नोंदींतलं अक्षर न् अक्षर चारुताच्या हातचं होतं.

रामकृष्ण पटेरियांना सगळी कंपनी दाऊ म्हणायची. झाशीजवळच्या बरुआसागरचे. पोरवयात फिटर म्हणून लागले आणि निव्वळ हातातल्या कसबावर सुपरवायझर झाले. पहले सूँघो, फिर देखो, मीटर सबसे बाद में, ही त्यांची शिकवण. झाकण उचललं की डोळे मिटून नाक पुढे करायचे आणि मीटर लावायच्या आधी सांगायचे, पाणी आहे की आग. चारुता नवी होती तेव्हा पहिल्या दिवशी ते लेकीला म्हणावं तसं म्हणाले, बिन्नू, चश्मा घर रह गओ, तनक तुम लिख दो. दुसऱ्या दिवशी चष्मा तुटला. तिसऱ्या दिवशी डोळे आले. आठव्या दिवशी चारुताच्या लक्षात आलं. तिनं रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. त्यानंतर चष्म्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दाऊंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची, तीही चित्र काढल्यासारखी. हे बाहेर पडलं असतं तर सुपरवायझरकी गेली असती. पहिली काही वर्षं ते सांगायचे आणि ती लिहायची. पुढे पुढे ती स्वतःच उघडायची, वास घ्यायची, ठरवायची, लिहायची, आणि दाऊ तेलात बोट बुडवून मान डोलवायचे नि सही करायचे. तिला तशीही सहीचा अधिकार नव्हता. दोघांचं छान जमलं. सहा वर्षांपूर्वी दाऊ निवृत्त झाले, मग टॅबलेट आले, त्यात नुसत्या खुणा करायच्या, आणि लिहिणंच संपलं. दाऊंचं गुपित चारुतानं मकरंदलासुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणजे पेच बघा कसा पडला होता. मी नक्कल केली नाही, हे सिद्ध करायचं तर म्हणायला हवं की नोंदी मी लिहिल्या. बुधवारी तिनं तसं म्हणूनही पाहिलं. आस्थापना विभागाच्या आभा श्रीवास्तव मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट नव्हत्या, शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, पटेरियाजी सुपरवायझर होते, स्वतःचा शेरा स्वतः का नाही लिहायचे? सांगू तर दाऊंची अब्रू जाते, न सांगू तर आपली. मॅडम म्हणाल्या, मग शनिवारी पुरावा घेऊन या. पुरावा रद्दीवाल्यानं केव्हाच विकला होता.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि बरुआसागरची बस धरली. वाटेत मनाशी सगळं ठरवलं होतं. दाऊंना सांगायचं, एवढं एक पत्र द्या की नोंदी बिन्नूनं लिहिल्या. बाकी कुणाला काही विचारू देणार नाही.

दाऊंच्या घरात शिरताच समोरच्या भिंतीवर ती तसबीर होती. गेल्या विश्वकर्मापूजेला कंपनीनं ‘गुरुजी’चं उद्घाटन केलं तेव्हा दाऊंना शाल-श्रीफळ देऊन त्यांचा फोटो काढला होता, तोच. खाली छापलेलं, ज्ञानदाता श्री रामकृष्ण पटेरिया. तसबिरीला झेंडूचा हार. दाऊंच्या नातीनं चारुताला हाताला धरून तिथे नेलं आणि ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मग अभिमानानं म्हणाली की दादाजींनी तीन हजार नोंदी लिहिल्या, आमच्या शाळेत मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. दाऊ खाटेवर बसून आल्याच्या गड्ड्यांवरची माती खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चारुता पाणी प्यायली, चहा प्यायली, आणि पत्राचं नावसुद्धा तिच्या जिभेवर आलं नाही. दाऊंनीच विचारलं, परीक्षेचं काय झालं? ती म्हणाली, नापास. का? उत्तरं मशीनशी जुळली, म्हणतात चोरली, शनिवारी अकराला बोलावलंय. दाऊंचा हात थांबला. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पुन्हा माती खरवडू लागले. निघताना पिशवीभर आलं दिलं, बसपर्यंत सोबत आले, पण त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

परतीच्या बसमध्ये चारुताला इतका राग आला की हातातली पिशवी खिडकीबाहेर भिरकावून द्यावी. राग दाऊंचा होताच. इतकी वर्षं झाकलं, आणि एक शब्द नाही? पण त्याहून जास्त राग स्वतःचा होता, मागायला गेले आणि मूग गिळून आले. आणि सगळ्यांत जास्त त्या लोकांचा, ज्यांनी तिच्या हाताची अक्षरं टाइप केली, कुणी लिहिलं हे विचारायची तसदी घेतली नाही, आणि आता तिलाच चोर म्हणत होते. ती वळणावळणावर मनातल्या मनात भांडत झाशीला पोचली. आलं मात्र तिनं घरी आणलं, कारण ते दाऊंच्या हातचं होतं.

शनिवारी बैठकीच्या खोलीत आभा मॅडम होत्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोएडाचे अंबरीश माथुर. टूल त्यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं. बिजौलीचा कारखाना त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिला नव्हता, उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. त्यांनी सांगितलं की सत्तर टक्क्यांच्या वर साम्य म्हणजे नक्कल, असा नियम आहे, आणि इथे चौऱ्याण्णव आहे. आभा मॅडमनी मध्येच नोंदवलं की दुसऱ्या भागात मात्र श्रीमती पुराणिक पहिल्या आहेत, नक्कल वगळली तर जागा त्यांचीच. अंबरीश म्हणाले, दॅट्स नॉट रेलेव्हंट.

चारुतानं सांगितलं, मोबाइल फाटकावर होता. त्यांनी घड्याळाचं विचारलं. तिनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चावी फिरवून दाखवली. बोलणं हिंदीत चाललं होतं. मग ती म्हणाली, “जाहिरातीत तुम्हीच लिहिलंय, यंत्राचं उत्तर तपासता आलं पाहिजे. यंत्रानं सांगितलं, बाईनं चोरी केली. तुमच्यापैकी कुणी तपासलं का?”

अंबरीश म्हणाले, तपासायला आधार काय? नोंदी पटेरियाजींच्या आहेत. त्या तुम्ही लिहिल्या असं म्हणत असाल तर कारण सांगा. आभा मॅडमनी पेन उचललं, कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. अठरा वर्षं त्या कागदावर संपणार होती, हे चारुताला दिसत होतं, आणि तरी तिचं तोंड उघडेना.

तेवढ्यात दार उघडलं. दाऊ आत आले. अंगावर इस्त्रीचा सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सकाळची पहिली बस धरून आले होते, आणि फाटकावर अजून त्यांना कुणी अडवत नाही. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. वर्तमानपत्र सोडलं आणि ती तसबीर टेबलावर पालथी ठेवली. हार काढलेला होता.

“हमें लिखबो नईं आउत,” दाऊ म्हणाले. “न पढ़बो. सब बिन्नू ने लिखो है.”

आभा मॅडम कसनुशा हसल्या. म्हणाल्या, दाऊ, आप भी क्या. दाऊंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, समोरच्या कागदावर वाकले आणि आपलं नाव काढायला बसले. काढायलाच म्हणायचं, कारण एकेक अक्षर झालं की ते थांबत आणि पुढचं आठवत. शेवटी पेन खाली ठेवून ते म्हणाले, एवढंच येतं, यापुढे पेन हातात धरता येत नाही. चारुताला वाटलं, धावत जावं आणि तो कागद कुणी बघायच्या आत फाडावा. आपल्यापायी या माणसाला आज हे करावं लागलं.

आता इथे एखाद्या भल्या माणसानं काय केलं असतं? उठून हात जोडले असते. अंबरीश माथुरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मग तर हे आणखी गंभीर आहे. दुसऱ्याच्या सहीखाली तिसऱ्यानं नोंदी केल्या, म्हणजे कंपनीचं रेकॉर्ड खोटं. पटेरियाजी निवृत्त आहेत, पण श्रीमती पुराणिक अजून कामावर आहेत, चौकशी बसवावी लागेल.

चारुताच्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षांत कंपनीत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. ती उठून थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

“खोटं रेकॉर्ड ना? मग काढून टाका. आजच्या आज. खोट्या नोंदी तुमच्या गुरुजीच्या पोटात कशाला ठेवता? तीन हजारच्या तीन हजार काढा आणि मग त्याला एक ट्रान्सफॉर्मर दाखवून विचारा, काय बोलतो ते मलाही ऐकायचंय.”

अंबरीश काही म्हणणार होते. तिनं हात वर केला.

“नोंदी खोट्या असतील तर काढा. खऱ्या असतील तर त्या माझ्या आहेत, आणि माझंच उत्तर मी दुसऱ्यांदा लिहिलं त्याला चोरी म्हणत नाहीत. दोन्ही तुम्हाला मिळणार नाही. एक काय ते ठरवा. मी इथेच उभी आहे.”

ती खरंच उभी राहिली. दाऊ खुर्चीवर बसून राहिले. अंबरीशनी दहा मिनिटं मागितली आणि पडदा काळा झाला. आभा मॅडमनी दाऊंना पाणी दिलं आणि हळूच तसबीर सुलटी केली, तर दाऊंनी ती पुन्हा पालथी केली. दहाची पंचवीस मिनिटं झाली. त्या काळ्या पडद्यामागे कोण कोणाशी काय बोललं, देव जाणे. पण नोंदी काढल्या तर दाखवायला काही उरत नाही, हे कुणीतरी मोजलं असणार.

पडदा उजळला तेव्हा अंबरीशचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता. काही तांत्रिक गैरसमज झाला, नकलेचा शेरा मागे घेण्यात येत आहे, यादीत श्रीमती पुराणिक पहिल्या, पत्र सोमवारी मिळेल. माफीचा शब्द नाही. तो शब्द त्यांच्या तोंडून निघेल अशी अपेक्षाही तिनं ठेवली नव्हती. तिनं फक्त विचारलं, नोंदींवरचं नाव? ते म्हणाले, ते आभाजी करतील, छोटी गोष्ट आहे. आणि पडदा पुन्हा काळा झाला.

याला म्हणे छोटी गोष्ट. चारुता दात-ओठ खात लॅपटॉपपाशी गेली. आभा मॅडमनी ‘गुरुजी’ उघडला, ‘स्रोत’ असा रकाना आला, त्यात रामकृष्ण पटेरिया. मॅडमनी दोन्ही शब्द पुसले आणि म्हणाल्या, हं, आता तुमचं. चारुता म्हणाली, आमच्या दोघांचं लिहा, हात माझा आहे, पण शिकवलं यांनी. आमच्या विभागात कुणी काही सांगितलं की कुणाकडून शिकला तेही सांगायचा, ही जुनी रीत आहे. मॅडम अवघडल्या. दोन माणसं बसत नाहीत, म्हणाल्या, एक चौकट नावाची, एक आडनावाची, सिस्टीम एवढंच घेते.

घ्या. दोन माणसांची उमर गिळून बसलेलं ते यंत्र, त्याला दोन माणसांची नावं जड झाली! चारुताला वाटलं, लॅपटॉप उचलून त्या काळ्या पडद्यावर आपटावा. तिनं दाऊंकडे पाहिलं. ते पुसलेल्या रकान्याकडे बघत होते. जगातल्या सगळ्या लिखाणात तेवढीच अक्षरं त्यांना ओळखता यायची, आणि ती आता तिथे नव्हती.

तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. पहिल्या चौकटीत लिहिलं, चारुता. दुसऱ्या चौकटीत क्षणभर बोट थांबलं. मग पुराणिक न लिहिता तिनं लिहिलं, रामकृष्ण.

आभा मॅडमना वाटलं, घाईत चुकलं. त्या म्हणाल्या, तुमचं आडनाव तर पुराणिक आहे ना? आपल्यात मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

“नाव बरोबर आहे,” चारुता म्हणाली. “सेव्ह करा.”

मॅडमनी बटण दाबलं. यंत्रानं तीन हजार नोंदींवर ते नाव मुकाट्यानं चढवलं. दाऊ खुर्ची सरकवून जवळ आले, पडद्यावर वाकले आणि तेलाचे डाग कधीच न गेलेलं आपलं बोट त्यांनी दुसऱ्या शब्दाखाली ठेवलं. तो त्यांना वाचता आला. मग बोट मागे, पहिल्या शब्दावर नेलं आणि चारुताकडे पाहिलं.

“मैं हूँ, दाऊ,” ती म्हणाली.

दाऊंनी तिच्या नावाच्या एकेका अक्षराखाली बोट टेकवत अक्षरं मोजली.

“तीनई तो हैं,” ते म्हणाले. “सीख लैहें.”